कॅशेला हात नसतात

४ मार्च

चि. भिंगरी,

फोनच केला असता, पण फोनवर तू "हो मामा, बघते" म्हणतेस आणि गाडं तिथंच अडतं. पत्राला उत्तर द्यावं लागतं, म्हणून सकाळपासून टाइप करत बसलोय. तुझी मामी पलीकडच्या खोलीत पाकिटं भरतेय. एवढं लांबलचक कुणाला लिहिताय म्हणून दोनदा डोकावून गेली.

मागच्या महिन्यात तू आपल्या बटणांच्या वेबसाइटला ते वेग वाढवायचं काहीतरी बसवलंस ना, ऑब्जेक्ट कॅशे, तेव्हापासून दुकान नुसतं पळतंय. आधी अ‍ॅडमिनमध्ये सहा हजार बटणांची यादी उघडायला लावून मी एक डुलकी काढून येत असे. आता डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी हजर. त्याबद्दल तुझं कौतुक करून झालं. आता तक्रार.

परवा शनिवार. शनिवारी मी कपाटातले थोडे थोडे खण मोजतो हे तुला माहीत आहे. एकतीस वर्षांत एक शनिवार चुकवला नाही. तर खण २३१७, म्हणजे कोटाचं काळं, चार भोकांचं. अ‍ॅडमिन म्हणतं चाळीस, खणात छत्तीस. हल्ली असं अधूनमधून होतं, म्हटलं असेल आपलीच चूक. मी अ‍ॅडमिनमध्ये छत्तीस केले, सेव्ह केलं, वर हिरवी पट्टी आली, 'उत्पादन अपडेट झाले'. छान. यादीत परत येऊन बघतो तर चाळीस! पुन्हा छत्तीस केले. पुन्हा हिरवी पट्टी. पुन्हा चाळीस. मग मी चिडून उठलो, आंघोळ करून आलो, तर छत्तीस. मी नसताना ते आपसूक शहाणं झालं.

दुसरं. वर एक सूचना लोंबकळत असते, 'नवी आवृत्ती आली आहे, अपडेट करा'. मी केलं. 'झाले' म्हणालं. पान बदललं तर तीच सूचना पुन्हा दारात उभी. मी पाच वेळा अपडेट केलं, भिंगरे. पाचही वेळा ते झालं आणि पाचही वेळा झालं नाही.

मला राग आलेला नाही, मला हे कळून घ्यायचंय. एखादी गोष्ट झालेली असून झालेली नाही असं मशीनला कसं काय वाटू शकतं? नीट समजावून सांग. मी म्हातारा असलो तरी मंद नाही.

तुझा मामा

६ मार्च

मामा,

पाच वेळा अपडेट? अरे देवा. पहिल्याच वेळी झालं होतं रे ते!

ऐक. तुझं ते भिंतभर खणांचं कपाट आहे ना, तो डेटाबेस समज. आधी कुणीही काहीही विचारलं की वेबसाइट उठायची, कपाटापर्यंत जायची, खण उघडायची, मोजायची, परत यायची. दर वेळी. म्हणून तुझी डुलकी व्हायची. आता मी टेबलावर एक तबक ठेवलंय. एकदा खण मोजला की वेबसाइट एक चिठ्ठी लिहून तबकात टाकते, '२३१७ मध्ये चाळीस'. पुन्हा कुणी विचारलं की कपाटाकडे न जाता चिठ्ठी वाचून दाखवते. हे तबक म्हणजे ऑब्जेक्ट कॅशे.

तू खणात बदल केलास की जुनी चिठ्ठी फाडली गेली पाहिजे. बहुतेक वेळा फाडली जाते, एखाद वेळी राहते. मग खणात छत्तीस असतात आणि तबक छातीठोकपणे सांगतं, चाळीस. तू आंघोळीला गेलास तेवढ्यात त्या चिठ्ठीची मुदत संपली, म्हणून ते आपसूक शहाणं झालं. अपडेटचंही तसंच. आवृत्ती नवी आली, पण तबकात चिठ्ठी जुनी. ती वाचून अ‍ॅडमिन तीच सूचना पुन्हा पुन्हा दारात उभी करतं.

उपाय सोपा आहे. अ‍ॅडमिनच्या वरच्या पट्टीत मी 'कॅशे रिकामा करा' असं एक बटण दिलंय. (बटणवाल्याला आणखी एक बटण!) काही विचित्र दिसलं की ते दाब, तबकातल्या सगळ्या चिठ्ठ्या फेकल्या जातील आणि साइट पुन्हा खण बघून येईल. पहिल्यांदा जरा सावकाश चालेल, घाबरू नकोस. अपडेट केल्यावर तर दाबच.

मामी कशी आहे? तिला म्हणावं, माझं पत्र येईल.

तुझी भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरी,

तबक कळलं. फार आवडलं. दोन दिवस मी मामीला तबक समजावतोय. ती "बरं" म्हणते आणि पाकिटाला डिंक लावत राहते.

ते बटण दाबून पाहिलं. अपडेटची सूचना गेली, जीव भांड्यात पडला. पण काल दुपारी एक भलतंच नवल झालं. ते लिहायचं म्हणून आज मी दाढीसुद्धा केलेली नाही.

काल एका बाईंचं पत्र आलं, "तुमच्याकडचं सगळंच संपलं का हो?" मी अ‍ॅडमिन उघडलं. यादीतलं प्रत्येक बटण शून्य! सहा हजार प्रकार आणि सगळे शून्य. माझे तर डोळेच पांढरे झाले. कपाटाकडे वळून पाहिलं, कपाट जागेवर. खण भरलेले. मग दुकानाच्या सेटिंगमध्ये गेलो, तर जिथं ग्राहकांसाठी सूचना लिहायची जागा असते तिथं कुणीतरी लिहिलेलं होतं. मी ते लगेच कागदावर उतरवून घेतलं. जसंच्या तसं देतो:

'हे दुकान आता बंद होत आहे. इतकी वर्षं तुमचं हरवलेलं बटण शोधताना आम्हाला आनंद झाला. चुकलंमाकलं माफ करा.'

मी 'कॅशे रिकामा करा' दाबलं आणि सगळं नाहीसं झालं. आकडे परत आले, सूचनेची जागा कोरी.

भिंगरे, मी हे लिहिलेलं नाही. म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी चिठ्ठी आपल्या तबकात येऊन पडली, बरोबर? आणि तो दुसराही बटणंवालाच! अगं, मला वाटायचं या उद्योगात मी एकटाच वेडा. लोकांनी पाकिटातून एक बटण पाठवायचं, आणि आपण त्याची जुळी भावंडं शोधून द्यायची, हे आणखी कुणी करत असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. आणि भेटला तो असा, दुकान बंद करताना.

कोण आहे गं तो बिचारा? 'आम्हाला' म्हणतोय म्हणजे घरात दोघं असावीत. 'चुकलंमाकलं माफ करा' वाचून मला भरून आलं, खरंच सांगतो. तू त्याचा पत्ता काढ. मला त्याला लिहायचंय. त्याची बटणं कुठं जाणार? एवढा जमवलेला माल कोणी भंगारात घालतं का? मी घेईन म्हणावं. आणि जमलं तर विचारेन, बाबा रे, का बंद करतोयस. कदाचित नुसतं कुणी विचारलं नसेल त्याला.

उत्तर लवकर दे.

मामा

१३ मार्च

मामा,

अगदी बरोबर ओळखलंस. एकाच सर्व्हरवर दोन दुकानं असली की तबक एकच असतं. प्रत्येक चिठ्ठीच्या डोक्यावर दुकानाची खूण लिहावी लागते, म्हणजे याची त्याला जात नाही. ती खूण करायची राहून गेली होती. चूक माझी. त्यामुळे दोन्हीकडच्या चिठ्ठ्या सरमिसळ झाल्या. काल खूण घातली आहे, आता पुन्हा असं होणार नाही. ग्राहकांना काही वेळ 'संपले' दिसलं त्याबद्दल सॉरी.

त्या दुसऱ्या दुकानाबद्दल मला काही सांगता येणार नाही रे. दुसऱ्याचं काम असतं, बोलायचं नसतं. तू पत्र वगैरे लिहायच्या फंदात पडू नकोस. आणि तो दुकान बंद करेलच असंही नाही. लोक नुसतं लिहून ठेवतात.

खणांचं म्हणशील तर अजूनही आकडे इकडेतिकडे दिसले तर कॅशेच असणार. बटण दाब.

भिंगरी

१३ मार्च

मामी,

घोटाळा झालाय. तुझ्या सांगण्यावरून मी दुकानाची जी चाचणीची प्रत केली होती, दुकान बंद करून बघायला, त्यातलं सगळं मामाच्या अ‍ॅडमिनमध्ये दिसलं. तुझं वाक्यसुद्धा. प्रत करताना मी कॅशेची खूण बदलायला विसरले. मामाला वाटतंय दुसराच कुणी बटणंवाला आहे आणि त्याला त्या माणसाची दया येतेय. मला त्याचं पत्र वाचवेना.

मामी, तू त्याच्याशी बोल. नाहीतर मी बोलते.

भिंगरी

१४ मार्च

भिंगरी,

मी फोनवर एका बोटाने लिहितेय, तेव्हा थोडक्यात.

तू काही बोलू नकोस. मीच बोलणार आहे, पण कसं ते मला सुचत नाहीये. तुला मी सगळं सांगितलेलं नाही, ते आज सांगते.

ह्यांना रंग दिसेनासे झालेत. मागच्या उन्हाळ्यापासून. आकार, जाडी, काठ, सगळं अजून बोटांनी बिनचूक ओळखतात, तिथं त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण निळं त्यांना काळं वाटतं आणि काळं निळं. बाटलीच्या हिरव्याला तपकिरी म्हणतात. लोक नमुना पाठवतात काळा, हे मोठ्या खुशीत चार निळी काढून माझ्याकडे देतात, "बघ, हुबेहूब." मी म्हणते, हुबेहूब. आणि ते वळले की निळी परत खणात टाकते, काळी काढते, पाकिटात घालते. आधी आठवड्यातून एखादं असायचं. आता रोज तीन-चार.

एकदा दोन पाकिटं माझ्या नजरेतून सुटली. दोन्ही ग्राहकांची पत्रं आली. ती मी ह्यांना दाखवली नाहीत.

मला वाटलं, एक दिवस असं पाकीट जाईल, कुणीतरी चारचौघांत दुकानाचं हसं करेल आणि हे मोडून पडतील. त्यापेक्षा ते हुशार असतानाच दुकान बंद झालेलं बरं. तुला प्रत करायला सांगितली, कारण सगळं तयार करून समोर ठेवलं असतं, तर "बंद करायला फार कटकट आहे" हे कारण त्यांना देता आलं नसतं. पण तयार झाल्यावर माझीच जीभ उचलेना.

सकाळी जेवताना म्हणाले, "तो बिचारा बटणंवाला." मला ठसका लागला. पाणी दिलं त्यांनी, पाठ थोपटली.

मामी

२४ मार्च

चि. भिंगरी,

दोन शनिवार गेले. मी तुझ्यावर रागावलेलो आहे, पण आधी शोध कसा लागला ते सांगतो, कारण शोध चांगला आहे.

तू म्हणालीस, आकडे इकडेतिकडे दिसले तर कॅशे. म्हणून मी कॅशेला प्रामाणिक संधी दिली. गेल्या दोन्ही शनिवारी आधी तबक रिकामं केलं, मग अ‍ॅडमिन पाहिलं, मग खण मोजले. अ‍ॅडमिन माझ्या विक्रीच्या नोंदींशी तंतोतंत जुळतं. आता तिथं खोट नाही. खोट खणात आहे. काळ्यात चार कमी, शेजारच्या निळ्यात चार जास्त. हिरव्यात सहा जास्त, तपकिरीत सहा कमी. नेहमी जोडीनं, आणि नेहमी तेवढीच.

आता मला सांग, तबकातली चिठ्ठी चुकीची असेल तर ती मला चुकीचा आकडा दाखवेल. इथपर्यंत मान्य. पण ती रात्रंदिवस कितीही खोटं बोलली तरी खणातून चार बटणं उचलून शेजारच्या खणात टाकणार नाही. कॅशेला हात नसतात, भिंगरे.

म्हणजे हे कुणीतरी हाताने करतंय. मी निळी काढतो, कुणीतरी ती परत ठेवतं आणि काळी काढतं. आणि ग्राहकांची एकही तक्रार नाही, म्हणजे जे कुणी करतंय ते बरोबर करतंय. चूक माझी असते. हे मी कागदावर लिहिलं. या घरात आम्ही दोघंच राहतो आणि त्यातला एक मी आहे.

त्याच दिवशी एका ग्राहकाने आभाराचा फोटो पाठवला. कोट, बटणं आणि शेजारी आमच्या पाकिटातली मामीच्या हातची चिठ्ठी. पाकिटं ती भरते, मी कधी उघडून बघत नाही. चिठ्ठीत शेवटी लिहिलंय, 'चुकलंमाकलं माफ करा'.

तेव्हा मला दुसरीही गोष्ट कळली. त्या दुसऱ्या दुकानातही २३१७ नंबरचं बटण माझ्याच यादीतल्या जागेवर होतं. ते मी सगळी शून्यं दिसली त्या दिवशीच पाहिलं होतं, पण आनंदाच्या भरात डोक्यात शिरलं नाही. दुसरा बटणंवाला कुणी नाहीच. ज्याची मला दया येत होती तो मीच.

मामीला मी अजून चकार शब्द बोललेलो नाही. तुला एकच विचारतो. दुकान माझं, हात माझे, डोळे माझे. मला विचारायचं कुणालाच का सुचलं नाही?

मामा

२५ मार्च

मामा,

सगळं खरं आहे. मामीने सांगितलं म्हणून मी प्रत केली. बंद झाल्यावर दुकान कसं दिसेल ते बघायला सगळे आकडे शून्य केले, सूचना तिची घातली. मग कॅशेच्या घोटाळ्यातून ते तुझ्यापर्यंत आलं, तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले. बटणं अदलाबदल होतात हे मला चौदा तारखेला मामीच्या पत्रातून कळलं. त्याआधी खणांच्या गोंधळाचं खापर मी कॅशेवर फोडलं ते मनापासून होतं. त्यानंतर मात्र मला माहीत होतं, आणि तरी मी तुला कळवलं नाही.

का विचारलं नाही? भीती वाटली रे. मामीला तुझी वाटली, मला तुम्हा दोघांची. लहानपणी मी तुझ्याकडे सुट्टीत यायचे तेव्हा तू मला तास तासभर बटणं ओळखायला बसवायचास. चुकले की म्हणायचास, "उजेडात धर, पुन्हा बघ." तुझा रंग चुकतो हे तुला माझ्या तोंडाने कसं सांगू?

पण सांगायला हवं होतं. तुझ्या दुकानाचा निर्णय तुझ्या पाठीमागे तयार करायला मी मदत केली, हे चुकलंच. ती प्रत मी कुलूप लावून ठेवली आहे. तू म्हणशील तर आत्ता पुसून टाकते. मामीवर नको रागावूस. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागाव, मी लांब आहे, मला झेपेल.

भिंगरी

३ एप्रिल

मामा,

नऊ दिवस झाले. मामी फोन उचलत नाहीये. साइटवर नवी विक्रीही दिसत नाही. दोघं बरे आहात ना? दोन ओळी लिही. शिव्या घातल्यास तरी चालतील.

भिंगरी

९ एप्रिल

चि. भिंगरी,

बरे आहोत. शिव्या संपल्या, सगळ्या मामीवर खर्च झाल्या. तिनेही हात आखडता घेतला नाही.

तुझं पत्र मिळालं. मग शनिवारी सकाळी खिडकीशी पांढरी चादर पसरली आणि चाळीस बटणं चार ढिगांत लावली. काळी, निळी, हिरवी, तपकिरी. चांगला तास घेतला. मामीला हाक मारली आणि म्हटलं, तपास. ती उभी राहिली. मग खाली बसली आणि एकेक बटण उचलून दुसऱ्या ढिगात ठेवायला लागली. मी मोजत होतो. सतरा. चाळीसात सतरा, भिंगरे. मला दोन-चार वाटली होती.

मग मी बोललो. दुकान बंद करायला निघालीस, भाचीला हाताशी धरलंस, मला वेड्यात काढलंस, बरंच काय काय बोललो. ती ऐकत होती आणि एकदम उसळली. म्हणाली, "मला दुकानाचा कंटाळा आलेला नाही. मला लपवायचा कंटाळा आलाय. वर्ष होत आलं, माझ्याच घरात मी चोरासारखे खण उघडतेय. तुम्ही खुशीत 'हुबेहूब' म्हणता आणि मीही हसून 'हुबेहूब' म्हणते." आणि रडायला लागली. एकतीस वर्षांत मी तिला दोनदा रडताना पाहिलंय. ही दुसरी खेप.

मला एवढंच सुचलं की मग बंद कशाला करायचं, तू रंग बघ. ती म्हणाली, "तुम्ही विचाराल?" मी म्हटलं, विचारेन. म्हणायला काय जातं!

मधल्या दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो निघेल. मागच्या पडद्याचं जे झालंय ते मात्र राहणार. रंग पूर्वीसारखे परत येणार नाहीत, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, मग निळा रंग जातो कुठं? त्या हसल्या आणि पडद्याचं चित्र काढून दाखवलं. कागद मी मागून घेतला, तुला पाठवतो. फार मजेशीर रचना आहे, तुझ्या तबकापेक्षाही.

तुझं काम. प्रत पुसू नकोस. त्यातलं मामीचं वाक्यही राहू दे, ते चांगलं लिहिलंय. एक दिवस लागेल. पण त्या दिवशी सेव्ह मी दाबणार, हे तुम्ही दोघींनी पक्कं लक्षात ठेवा. आणि चालू दुकानाच्या सूचनेत मी काल स्वतः लिहिलंय, तिथं हात लावू नकोस: 'मागच्या उन्हाळ्यापासून आमच्याकडून कुणाला चुकीच्या रंगाचं बटण गेलं असेल तर कळवा, बदलून देऊ. आता आकार मी जुळवतो, रंग माझी बायको.' तिला वाचून दाखवलं. म्हणाली, सगळ्या जगाला सांगायची काय गरज होती? पण मग खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसली.

आज सकाळी पहिला नमुना उघडला. कुणाच्या तरी आजोबांच्या कोटाचं बटण, चार भोकांचं, काठ किंचित घासलेला. बोट फिरवलं आणि आकार जागेवर कळला. तेवीसशे सतरा किंवा अठरा. दोन्हींचा साचा एकच, फरक फक्त रंगाचा. मी ते उजेडात धरलं. आडवं धरलं, उभं धरलं. मामी शेजारी बसून होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती. काही सुचवलं नाही, खाकरलीसुद्धा नाही. पाचेक मिनिटं गेली असतील. साधे चार शब्द विचारायचे होते.

शेवटी बटण तिच्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "हा कोणता रंग गं?"

ती उठली, खिडकीशी गेली. नीट बघितलं, घाई केली नाही. "निळा," म्हणाली.

मी परत घेऊन पाहिलं. मला तो काळाच दिसत होता. मी निळा लिहिलं.

मामा